जुन्या एमटीबीला क्रँकसेट आणि बीबी जुळवताना नेमकं काय बघायचं

तुळजापूर रोडला हिप्परगा तलावाच्या थोडं अलीकडं माझ्या सायकलचा डावा क्रँक, म्हणजे पायडल ज्याला लागतं तो दांडा, पायडलसकट निघून आला. बोल्ट आधीच कुठंतरी पडला होता. त्याच्या आधी दोन आठवडे पायडल मारताना कट कट आवाज येत होता आणि मी दर दोन दिवसांनी बोल्ट आवळून परत निघत होतो. घरी आणून बघितलं तर क्रँकमधलं चौकोनी भोक कोपऱ्यांना झिजून जवळजवळ गोल झालेलं. क्रँक ॲल्युमिनियमचा, एक्सल स्टीलचा, त्यामुळं सैल क्रँकवर चार-पाच किलोमीटर जरी पायडल मारलं तरी ॲल्युमिनियम हरतंय, आणि एकदा का ते भोक खराब झालं की कितीही आवळा, परत सैल होणारच. तो क्रँक बाद झाला.

मग घाईत एक चांगला वाटला म्हणून दुसरा क्रँकसेट मागवला, जुन्या एक्सलवर चढवला, बसला पण छान. पण चेनव्हील, म्हणजे क्रँकवरचं दातेरी चाक, एवढं बाहेर गेलं की पुढच्या डिरेलरला, जो चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर सरकवतो त्याला, मोठ्या चेनव्हीलपर्यंत पोचताच येईना, आणि लहान चेनव्हीलवर चेन इतकी तिरकी की घासल्याचा आवाज थांबेना. क्रँक बरोबर, बीबी बरोबर, फ्रेम बरोबर, तरी जोडणी चूक. असं का झालं हे शोधण्यात बरेच दिवस गेले. सोलापुरात घरोघरी गच्चीवर, जिन्याखाली अशा २६ इंची जुन्या एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, पडून आहेत, फ्रेम ठणठणीत आणि क्रँक गेलाय म्हणून भंगारात निघालेल्या, मला ते बघवत नाही, म्हणून जे कळलं ते सगळं इथं लिहितोय.

आधी भाग ओळखून घेऊ. फ्रेमच्या तळाला, जिथं तिन्हीकडच्या नळ्या येऊन मिळतात, तिथं एक आडवी आखूड नळी असते, तिला शेल म्हणतात. शेलच्या आत बेअरिंग आणि एक्सल मिळून जो भाग बसतो तो बॉटम ब्रॅकेट, म्हणजे आपला बीबी. एक्सलच्या दोन टोकांना दोन क्रँक, उजव्या क्रँकला चेनव्हील. क्रँक आणि चेनव्हील मिळून क्रँकसेट.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला आधी कुणी सांगितली असती तर पैसे वाचले असते. बीबीचे दोन सासर आहेत असं समजा. एकीकडं त्याला फ्रेमशी जमवायचंय, दुसरीकडं क्रँकशी. बीबीची रुंदी आणि आटे फ्रेम ठरवते. एक्सलचं टोक कसलं पाहिजे आणि एक्सल किती लांब पाहिजे हे क्रँक ठरवतो. आपण दुकानात जाऊन काय म्हणतो, "जुना निघालाय तसाच द्या". क्रँक तोच ठेवणार असाल तर हे एकदम बरोबर. पण क्रँकसेट बदलला तर जुन्या एक्सलची लांबी बघून नवीन घेण्याला काही अर्थ उरत नाही, कारण ती लांबी जुन्या क्रँकसाठी होती. माझी चूक नेमकी हीच.

फ्रेमकडून सुरुवात करा. शेलची रुंदी मोजायची, फक्त नळीची, बाहेर आलेल्या कपाची (बीबीला शेलमध्ये धरून ठेवणारी आट्यांची वाटी) कड धरायची नाही. जुन्या एमटीबीत ती बहुतेक वेळा ६८ मिमी निघते, नाहीतर ७३. दोघांत ५ मिमीचा फरक आहे त्यामुळं व्हर्निअर नसला तरी स्टीलच्या पट्टीनं कळतं, फक्त कडेचा रंग आणि वाळलेला चिखल खरवडून मग मोजा. ८३ आणि १०० मिमीचे शेल असतात पण ते डाउनहिल आणि फॅटबाईकचे. आटे बहुतेक सगळ्या एमटीबींना इंग्लिश, म्हणजे १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. जुना बीबी बाहेर काढला तर त्याच्या अंगावर बऱ्याचदा हे छापलेलंच असतं, १.३७ गुणिले २४ आणि पुढं ६८-१२२.५ असं काहीतरी, त्यातला पहिला आकडा शेलचा आणि दुसरा एक्सलच्या लांबीचा. इटालियन शेल ७० मिमीचा आणि आटे वेगळे असतात, पण तो रोड बाईकवाल्यांचा विषय, एमटीबीत सहसा भेटत नाही.

दोन प्रकार मात्र आधीच बाजूला काढा. लहान पोरांच्या आणि काही स्वस्त सायकलींना डावा-उजवा क्रँक आणि एक्सल मिळून एकच वाकवलेली सळई असते, शेलला आटे नसतात आणि भोक चांगलं ५१ मिमीच्या आसपास मोठं असतं. आणि जुन्या काळ्या सायकलींना कॉटर पिन असते, हातोडीनं ठोकून काढायची. या दोन्हींचा हिशोब वेगळा, पुढचं सगळं त्यांना लागू नाही.

आट्यांची दिशा नीट लक्षात ठेवा, कारण इथं भल्याभल्यांचा गोंधळ होतो आणि फ्रेम कायमची खराब होते. इंग्लिश शेलमध्ये उजव्या बाजूचा, म्हणजे चेनकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. तो काढायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवायचा. डावा कप साध्या आट्यांचा. पायडलचं बरोबर उलटं, तिथं उजवं पायडल साधं आणि डावं उलटं. पायडल मारताना बेअरिंगमधून जो फिरता दाब येतो तो साध्या आट्याला हळूहळू सैल करायला बघतो, म्हणून उजवीकडं उलटे आटे दिलेत. इटालियन बीबीला दोन्हीकडं साधे आटे असतात आणि त्याचा उजवा कप सैल होतो ही तक्रार जुनीच आहे.

आमच्या गल्लीत एक मामा आहेत, सगळी हयात अशोक चौकाकडं पॉवरलूमवर फिटर म्हणून गेली. त्यांना सायकलीचं फार माहीत नाही पण उलटा आटा, बेअरिंग, पाचर हे त्यांच्या हाताला ठाऊक. मी उजवा कप नेहमीच्या दिशेनं ओढत होतो तर त्यांनी पाना हातातून काढून घेतला आणि म्हणले, "थांब रे बाळा, हलत नाही म्हणल्यावर जोर लावायचा नसतोय, आधी दिशा बघायची असती." रॉकेल आणि तेल सोडून रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी बरोबर दिशेनं फिरवल्यावर निघाला. आपल्याकडं पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल शेलमध्ये जाऊन बसतो आणि उन्हाळ्यात तो विटेसारखा वाळतो, त्यामुळं दहा-पंधरा वर्षं न उघडलेला बीबी पहिल्या झटक्यात निघेल ही अपेक्षाच धरू नका.

आता क्रँककडचं टोक. जुन्या एमटीबीत जास्त करून चौकोनी एक्सल मिळेल. टोकाकडं तो किंचित निमुळता होत जातो, आणि बोल्ट आवळला की क्रँक त्याच्यावर पाचरीसारखा चढत घट्ट बसतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकतात तसंच काम. म्हणूनच बोल्ट थोडा सैल राहिला तरी क्रँक हलायला लागतो आणि भोक खातो. या चौकोनातही दोन पद्धती आहेत, जपानी आणि युरोपियन, उतार दोघांचा सारखा पण टोकाची जाडी थोडी वेगळी. युरोपियन क्रँक जपानी एक्सलवर चढवला तर तो चार-पाच मिमी बाहेरच अडकतो, आणि उलटं केलं तर क्रँक जास्त आत जातो, कधीकधी बोल्ट टेकतो पण क्रँक घट्ट होतच नाही. एमटीबीला जवळजवळ सगळीकडं जपानी, त्यामुळं घेताना तेवढं विचारून घ्या आणि पुढं चला.

१९९६-९७ च्या सुमारास शिमानोनं ऑक्टालिंक काढलं, पोकळ जाड एक्सल आणि टोकाला आठ खाचा. त्यातही पहिली आणि दुसरी आवृत्ती आहे, पहिल्याच्या खाचा आखूड, दुसऱ्याच्या लांब, एकाचा क्रँक दुसऱ्याला चालत नाही. बाकीच्या कंपन्यांनी मिळून आयसिस नावाचं दहा खाचांचं काढलं, तेही वेगळं. सेकंडहँड क्रँक घेताना मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि खाचा मोजा, आठ का दहा. माझं मत विचाराल तर आज जुन्या सायकलसाठी हे दोन्ही टाळा, कारण बीबी परत मिळवताना हाल होतात. चौकोनी घ्या नाहीतर २४ मिमी जाड एक्सलचा, त्याच्याबद्दल खाली येतोच.

लांबी. इथं थोडं थांबून वाचा. चौकोनी एक्सल १०७, ११०, ११३, ११५, ११८, १२२.५, १२७.५ अशा लांब्यांत येतो. मोजायचा टोकापासून टोकापर्यंत, पण बाहेर नट लागणारा आटा असेल तर तो सोडून. एवढे प्रकार का, तर प्रत्येक क्रँकची घडण वेगळी. काही क्रँकांचं चेनव्हील चौकोनी भोकाच्या बरंच आत, फ्रेमच्या बाजूला असतं, त्यांना लांब एक्सल लागतो, नाहीतर चेनव्हील फ्रेमला घासेल. रिव्हेट मारलेल्या स्वस्त ट्रिपल, म्हणजे तीन चेनव्हीलच्या क्रँकसेटला, ४२-३४-२४ दातांच्या वगैरे, सहसा १२२.५ लागतो. नव्वदच्या दशकात जे सरळ, फ्रेमला चिकटून जाणारे क्रँक आले त्यांना १०७ ते ११३ पुरतो. क्रँकच्या मागं मॉडेल नंबर कोरलेला असतो, तो शोधून कंपनीनं त्याला कुठली लांबी सांगितलीय हे बघणं हा सगळ्यात सोपा रस्ता.

नंबर पुसला गेला असेल किंवा सापडत नसेल तर मोजून काढता येतं, मी तसंच केलं. याला चेनलाइन म्हणतात, म्हणजे फ्रेमच्या बरोबर मधल्या रेषेपासून चेन किती मिमी बाहेर चाललीय. ट्रिपलला मधलं चेनव्हील धरायचं, दोन चेनव्हील असतील तर दोघांच्या मधली जागा. जुन्या एमटीबी ट्रिपलला हे अंतर ४७.५ किंवा ५० मिमी अपेक्षित असतं.

मोजायचं असं. सीटची उभी नळी फ्रेमच्या मध्यावर असते, तर तिचा व्यास मोजून निम्मा करा. माझ्या सायकलची नळी ३१.८, निम्मे १५.९. मग नळीच्या उजव्या कडेपासून मधल्या चेनव्हीलच्या दातापर्यंतचं आडवं अंतर घ्या. नवीन क्रँक जुन्या १२२.५ च्या कार्ट्रिजवर (बेअरिंग आणि एक्सल एकत्र बंद असलेला बीबी) तात्पुरता आवळून मामांच्या व्हर्निअरनं घेतलं तर ३६.६ आलं. बेरीज ५२.५. मला पाहिजे ४७.५, म्हणजे चेन ५ मिमी बाहेर चाललीय. कार्ट्रिज बीबीचा एक्सल दोन्हीकडं साधारण सारखा बाहेर येतो, त्यामुळं लांबी कमी केली की निम्मी उजवीकडून आणि निम्मी डावीकडून कमी होते, म्हणजे ५ मिमी आत आणायला एक्सल १० मिमी आखूड पाहिजे. १२२.५ मधून १० गेले ११२.५, त्याला जवळचा ११३. घेतला, बसवला, डिरेलर पोचायला लागला, आवाज गेला. एका वजाबाकीचा प्रश्न होता, त्यासाठी मी आधी डिरेलर बदलायला निघालो होतो.

जुना सुट्या छर्ऱ्यांचा कप-कोन बीबी असेल तर हा निम्म्याचा हिशोब चुकू शकतो, कारण त्यातले बरेच एक्सल उजवीकडं जास्त लांब असायचे. मग मोजणी कार्ट्रिज बसवूनच करा, मित्राचा कुठल्याही लांबीचा मागून आणला तरी चालेल. आणि उजवीकडचं टोक लांब असलेला एक्सल सर्व्हिसिंगनंतर उलटा घातला की चेनव्हील एकदम आत येतं, हेही होतं, त्यामुळं काढतानाच उजव्या बाजूला खूण करा.

मागचं पण एकदा बघून घ्या. जुन्या एमटीबीच्या मागच्या फट्ट्यांत, जिथं हब बसतो तिथं, आतून आत १३५ मिमी असतं. निम्मं ६७.५. उजव्या कडेपासून फ्रीव्हीलच्या मधल्या दातऱ्यापर्यंतचं अंतर त्यातून वजा करा, २० आलं तर मागची चेनलाइन ४७.५. पुढची आणि मागची तंतोतंत एक पाहिजे असं नाही, ट्रिपलला पुढचं दोन-तीन मिमी बाहेर असलं तरी चालतं. पण सगळ्यात मोठं चेनव्हील आणि फ्रेम यांच्यात दोन-तीन मिमी जागा पाहिजेच, चढावर उभं राहून पायडल मारलं की फ्रेम आणि क्रँक दोन्ही किंचित लवतात, स्टँडवर न घासणारं चेनव्हील तुळजापूरच्या घाटात घासतं.

आता २४ मिमीचा पर्याय, शिमानो त्याला हॉलोटेक टू म्हणतं. एमटीबीत तो २००३ च्या सुमारास आला. यात एक्सल उजव्या क्रँकलाच कायमचा जोडलेला असतो आणि बेअरिंग शेलच्या बाहेर, कपात. लांबी निवडायची भानगडच नाही. तोच क्रँक ६८ ला पण बसतो आणि ७३ ला पण, फक्त २.५ मिमीच्या स्पेसर रिंगांनी जुळवायचं. नळीला पट्ट्यानं आवळलेला डिरेलर असेल तर ६८ च्या शेलला उजवीकडं दोन रिंगा आणि डावीकडं एक, ७३ ला फक्त उजवीकडं एक. बऱ्याच लोकांच्या नव्या कोऱ्या क्रँकला जो खुळखुळाट येतो तो या रिंगा चुकल्यामुळं येतो. ट्रिपलची चेनलाइन ५० धरलेली असते, जुन्या १३५ च्या हबला ती चालून जाते. बजेट असेल आणि फ्रेम जपायची असेल तर हा चांगला. पण शेलच्या दोन्ही कडा सपाट आणि एकमेकींना समांतर पाहिजेत, रंगाचा थर असला तर आधी घासून काढा, नाहीतर बेअरिंग तिरकं बसून वर्षभरात जातं.

हल्लीचे एकच चेनव्हीलवाले बूस्ट क्रँक जुन्या सायकलला घेऊ नका. त्यांची चेनलाइन ५२ किंवा ५५ असते, ती १४८ मिमीच्या हबसाठी. आपल्या १३५ ला मागच्या मोठ्या दातऱ्यावर चेन एवढी तिरकी होते की पायडल जरा उलटं फिरवलं तरी उतरते. आणि प्रेसफिट, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवायचा, असं लिहिलेला कुठलाही बीबी आट्याच्या शेलमध्ये जात नाही.

चेनव्हीलबद्दल थोडक्यात. रिव्हेटवाला घेतला तर दात झिजले की अख्खा क्रँकसेट फेकायचा, म्हणून चार पैसे जास्त देऊन बोल्टवाला घ्या. चार बोल्टच्या एमटीबी ट्रिपलला १०४ आणि ६४ मिमीचं बोल्ट वर्तुळ, म्हणजे सगळ्या बोल्टांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, सगळ्यात जास्त चालतं, शेजारच्या दोन मोठ्या बोल्टांचं अंतर साधारण ७३.६ मिमी आलं तर तो १०४ चा. जुन्या पाच बोल्टवाल्यात ११० आणि ९४ असे दोन, शेजारचं अंतर ६४.७ आलं तर ११०, ५५ च्या आसपास आलं तर ९४. मोठ्या चेनव्हीलचे दात बदलले की डिरेलरची उंची पण बदलायची, त्याच्या पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या दातांच्या १ ते ३ मिमी वर राहिली पाहिजे. माझं ४२ चं ४४ झालं आणि मी डिरेलर वर सरकवायचा विसरलो होतो, ती आणखी एक संध्याकाळ त्यात गेली.

लहान चेनव्हील २२ चं मिळालं तर मात्र सोडू नका. माझा जुना सर्वात हलका गिअर पुढं २४ दात आणि मागं २८, चाक २६ इंची, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण पावणेदोन मीटर जायची. २२ ला २८ केल्यावर ते १.६ मीटरवर आलं. ऐकायला काहीच नाही वाटत, पण एप्रिलच्या उन्हात घाट चढताना गुडघ्याला तो फरक लगेच कळतो.

काढायला हत्यार योग्यच वापरा. चौकोनी क्रँकला क्रँक पुलर लागतो, त्याचे आटे २२ मिमीचे. आधी बोल्ट काढा, त्याच्याखालची वॉशर राहिली नाही ना ते बघा, मग पुलर पूर्ण आतपर्यंत हातानं फिरवून मगच दांडा आवळा. दोन-तीन आट्यांवर धरून जोर लावला की क्रँकचे आटे उपटून येतात. माझा उजवा क्रँक एका दुकानात पुलर नाही म्हणून मागून हातोडीनं ठोकून काढला होता, बेअरिंगमध्ये खड्डे पडले आणि चांगला चालणारा बीबी गेला. पुलर आणि कार्ट्रिजचा वीस खाचांचा टूल, एवढं चार मित्रांत मिळून एक घेतलं तरी पुरतं.

बसवताना शेलचे आटे ब्रशनं आणि रॉकेलनं स्वच्छ करा, भरपूर ग्रीस लावा, आणि कप पहिले चार-पाच फेरे हातानंच गेला पाहिजे, नाही गेला तर तिरका धरलाय, काढून परत लावा. कार्ट्रिज ५० ते ७० न्यूटन मीटर, चौकोनी क्रँकचा बोल्ट ३५ ते ५०. टॉर्क पाना कुणाकडं असतोय घरी, तर असं धरा की २५ सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला १४ ते २० किलो वजन टांगल्याएवढा जोर क्रँकला, आणि ३० सेंटिमीटरच्या दांड्यावर १७ ते २४ किलोचा बीबीला. हॉलोटेकचं वेगळं, डाव्या क्रँकचे दोन छोटे बोल्ट १२ ते १४ न्यूटन मीटर, दोन्ही आलटून पालटून थोडे थोडे, आणि त्याच्या आधी टोकाची प्लॅस्टिकची टोपी बोटांच्या जोरानंच, तिला ताकद लावायची नाही.

पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर क्रँकचा बोल्ट एकदा परत तपासा. मी रविवारी पहाटे परत त्याच रस्त्यानं गेलो, हिप्परग्याला पाण्याच्या कडेला सायकल आडवी केली आणि पाना लावला, डावा बोल्ट पाव फेरा गेला, उजवा हललाच नाही. मग तुळजापूरकडं निघालो.